चुकलेली एसटी



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी विषयही ठरवूनच टाकला होता. ‘तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, एआयवर वीस मिनिटं बोल.’ मी हो म्हटलं. मग विचार केला, एआयवर ऐकायचं असेल तर तुमच्या प्रत्येकाच्या घरात आठवी-नववीतलं कुणीतरी असेलच, ते माझ्यापेक्षा चांगलं सांगेल. शिवाय जेवणं झाली आहेत, जेवणात बासुंदी होती, आणि दुपारच्या भूगोलाच्या तासाला मागच्या बाकांवर काय चालायचं ते मला माहीत आहे. तेव्हा मी एका सिनेमाची गोष्ट सांगणार आहे. सर, चालेल ना? सरांनी मान हलवली. पूर्वी ही मान अशी हलली की मला बाकावर उभं राहावं लागायचं.

सिनेमा इंग्रजी आहे, ‘स्लायडिंग डोअर्स’. १९९८ चा. म्हणजे आपण अकरावीत होतो तेव्हाचा. पीटर हॉविट हा मूळचा नट, त्याने लिहिला आणि दिग्दर्शित केला, आणि दिग्दर्शक म्हणून त्याचा तो पहिलाच. ग्वीनेथ पॅल्ट्रो त्यात हेलन नावाची लंडनमधली मुलगी झाली आहे. हेलनची सकाळी सकाळी नोकरी जाते. ती घरी निघते, भुयारी रेल्वेच्या स्टेशनात जिना उतरते, आणि वाटेत एक लहान मुलगी बाहुली घेऊन आडवी येते. तेवढ्या क्षणात गाडीचे दरवाजे बंद होतात. गाडी चुकली. मग चित्र उलटं फिरतं, हेलन उलट्या पावलांनी जिना चढते, पुन्हा उतरते. या वेळी मुलीची आई मुलीला बाजूला ओढते आणि हेलन बंद होणाऱ्या दारांतून कशीबशी आत शिरते. गाडी मिळाली.

इथून पुढे दोन सिनेमे एकमेकांत विणलेले चालतात. जिला गाडी मिळाली ती वेळेआधी घरी पोहोचते आणि ज्याच्याबरोबर राहते तो गृहस्थ दुसरीबरोबर सापडतो. जिची गाडी चुकली तिची पर्स चोर खेचतो, डोक्याला लागतं, दवाखान्यात टाके पडतात, आणि ती घरी पोहोचेपर्यंत ती दुसरी बाई निघून गेलेली असते. एक हेलन सगळं कळून बाहेर पडते, केस कापते, स्वतःचा व्यवसाय सुरू करते, गाडीत भेटलेल्या जेम्सच्या प्रेमात पडते. दुसरी हेलन काहीच न कळता त्याच माणसाचा संसार ओढत राहते. दिवसा सँडविच पोहोचवायची, संध्याकाळी हॉटेलात वाढायचं, आणि हा घरी बसून कादंबरी लिहितोय म्हणे. आपण प्रेक्षक गोंधळू नये म्हणून एकीच्या कपाळाला पट्टी आणि दुसरीचे केस आखूड. आपल्याकडच्या डबल रोलमध्ये गालावर तीळ असायचा, तसंच.

मी हा सिनेमा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला हॉस्टेलमध्ये पाहिला. कुणीतरी भाड्याने व्हीसीडी आणली होती. तेव्हा एका सिनेमाच्या दोन सीडी असायच्या, आठवतं? पहिली सुरळीत चालली. दुसरी शेवटच्या वीस मिनिटांत जी अडकली ती अडकलीच. पुसून पाहिली, फुंकर मारली, ड्रॉइंगच्या खोडरबराने घासली. नाही म्हणजे नाही. त्यामुळे पुढची चार-पाच वर्षं माझ्या डोक्यात हा सिनेमा अर्धवटच होता, आणि त्याचा अर्थ मी असा लावून टाकला होता, की गाडी पकडा. जिने पकडली तिचं भलं झालं.

आता माझी गाडी.

१९९९ चा पावसाळा. इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी पुण्याला समक्ष हजर व्हायचं होतं. गुणवत्ता यादीप्रमाणे नाव पुकारायचे, तुम्ही पुढे जायचं, शिल्लक जागांमधली एक निवडायची. नाव पुकारलं आणि तुम्ही नसलात की पुढचं नाव. आमच्या अण्णांनी आदल्या रात्रीच पिशवी भरून ठेवली होती. आपल्या स्टँडवरून पहाटे पावणेसहाला थेट पुणे गाडी असायची. आम्ही साडेपाचला स्टँडवर. अण्णांनी सवयीने पुन्हा एकदा फाइल उघडली, तर शाळा सोडल्याचा दाखला नाही. आईने लॅमिनेशन करायचा म्हणून तो कपाटात वेगळा ठेवला होता. अण्णा सायकल काढून घरी गेले, परत येईपर्यंत गाडी फाटकाबाहेर पडली होती. मी कंडक्टरला हात केला, तो दिसलाही असेल त्याला. लाल डबा धूर सोडत गेला.

मग साताऱ्यापर्यंत एक गाडी, तिथून दुसरी, आणि खंबाटकीत एक ट्रक बंद पडलेला. आम्ही पोहोचलो तेव्हा माझं नाव होऊन गेलं होतं. उशिरा आलेल्यांना शेवटी उभं केलं. ज्या कॉलेजची मी दोन वर्षं स्वप्नं पाहिली होती तिथल्या कॉम्प्युटरच्या जागा संपल्या होत्या. दुसऱ्या जिल्ह्यातल्या, मी नावही न ऐकलेल्या कॉलेजात कॉम्प्युटर मिळालं. परतीच्या प्रवासात अण्णा एक शब्द बोलले नाहीत. शिरवळला चहा घेताना एवढंच म्हणाले, ‘दाखला मी बघायला हवा होता.’

त्या नावही न ऐकलेल्या कॉलेजात ग्रंथालयाच्या रांगेत माझ्या पुढे एक मुलगा उभा होता. एकच पुस्तक शिल्लक होतं आणि ते त्याने घेतलं. मी इतकी भांडले की ग्रंथपालांनी दोघांना बाहेर काढलं. तो मुलगा आज तिसऱ्या रांगेत बसलेला आहे, माझी पर्स सांभाळत. म्हणजे आईने दाखला कपाटात ठेवला म्हणून मला नवरा मिळाला. हे मी घरी पुष्कळदा सांगते. त्यावर त्यांचं म्हणणं असं, की लॅमिनेशनवाल्याचं दुकान आधीच्या दिवशी उघडं असतं तर ते वाचले असते.

अशा गोष्टी आपल्या प्रत्येकाकडे आहेत. सकाळी नाश्त्याच्या वेळी मी चार-पाच तरी ऐकल्या. कुणाची बदली, कुणाचा चुकलेला पेपर, कुणी बघायला गेलं मोठीला आणि पसंत केली धाकटी. माणसाला हे ‘जर’ फार आवडतं. पोलंडमध्ये किश्लॉफ्स्की नावाच्या दिग्दर्शकाने हॉविटच्या किती तरी आधी, १९८१ मध्ये, ‘ब्लाइंड चान्स’ नावाचा असाच सिनेमा केला. एक तरुण धावत्या गाडीमागे पळतो आणि त्याची तीन आयुष्यं दाखवली आहेत. एकात तो सत्ताधारी पक्षात जातो, एकात सरकारविरोधी चळवळीत, एकात नुसता डॉक्टर होतो. त्याच वर्षाच्या शेवटी तिथे लष्करी कायदा लागला आणि तो सिनेमा १९८७ पर्यंत डब्यात पडून राहिला. तमिळमध्ये २००१ साली ‘१२ बी’ आला. १२ बी हा बसचा नंबर. तिथे लंडनची मेट्रो नसून बस चुकते, त्यामुळे आपल्याला जरा जवळचा. आणि आपल्या मराठीत तर जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ कधीच लिहून ठेवलं आहे. विश्वासरावांना गोळी लागली नाही, कानाजवळून गेली, आणि पुढचा सगळा इतिहास बदलला. लायब्ररीच्या तासाला बाईंनी ती गोष्ट वाचून दाखवली होती आणि तासाची घंटा नेमकी गोळीपाशी झाली होती. बाई हसताहेत, म्हणजे त्यांनाही आठवतंय.

इथवर सगळं गमतीचं आहे. आता जे सांगणार आहे ते मी महिनाभर सांगू की नको करत होते. जिच्याबद्दल सांगणार आहे तिला विचारलं. ती म्हणाली, ‘सांग की, नाव नको घेऊस, म्हणजे सगळ्यांना बरोबर कळेल.’

पाचवीत माझ्या बाकावर वेगळीच मुलगी होती. तिच्या वडिलांची दिवाळीनंतर बदली झाली आणि बाईंनी उंचीप्रमाणे सरकवत हिला माझ्या शेजारी आणलं. तिथून दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर. गणितात ती माझ्या पुढे होती. हे मी नम्रतेने सांगत नाही, सरांना विचारा. मी कागदावर गणित मांडेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत उत्तर सांगायची. दहावीला तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. अकरावीला आम्ही दोघींनी नावं घातली आणि पहिल्या सहामाहीतच तिचे वडील अंथरुणाला खिळले. ती थोरली. तिचं कॉलेज सुटलं.

मी इंजिनिअरिंगला गेले त्या सप्टेंबरात तिचं निळं आंतर्देशीय पत्र आलं. तिला बाहेरून बारावीला बसायचं होतं, कॉमर्सला. सतरा नंबरचा फॉर्म कुठे मिळतो, कधीपर्यंत भरायचा, एवढं कळव, आणि इंग्रजीच्या नोट्स पाठव. खाली लिहिलं होतं, ‘घाई आहे.’ मी पत्र वाचलं आणि ते अप्लाइड मेकॅनिक्सच्या पुस्तकात ठेवलं. रविवारी चौकशी करू असं ठरवलं. त्या रविवारी ड्रॉइंगच्या शीट पूर्ण करायच्या होत्या. पुढच्या रविवारी सबमिशन. मग परीक्षा. दिवाळीला घरी आले तेव्हा पत्राची आठवण झाली आणि नोट्सची वही घेऊन तिच्या घरी गेले. तोवर मुदत टळून गेली होती. तिने वही ठेवून घेतली, चहा केला, हॉस्टेलच्या जेवणाबद्दल विचारलं. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं.

माझी नोकरी लागली, मी बंगळूरला गेले, मग दोन वर्षं परदेशात. तिथे एका रात्री टीव्हीवर ‘स्लायडिंग डोअर्स’ लागला आणि मी शेवटची वीस मिनिटं पहिल्यांदा पाहिली. ज्यांनी पाहिला नाही त्यांची क्षमा मागून सांगते. जिला गाडी मिळाली होती, केस आखूड, नवा व्यवसाय, नवं प्रेम, ती मरते. रस्ता ओलांडताना गाडी धडकते आणि ती दवाखान्यात जाते ती परत येत नाही. जिची गाडी चुकली होती ती जिन्यावरून पडते, पोटातलं मूल गमावते, पण वाचते. आणि दवाखान्यातून घरी जाताना लिफ्टमध्ये तिच्या कानातलं खाली पडतं आणि जेम्स ते उचलून देतो. सिनेमाच्या सुरुवातीलाही लिफ्टमध्ये त्याने तिचं कानातलं उचलून दिलेलं असतं. म्हणजे भेट व्हायचीच होती, असं काहीसं.

मला हा शेवट अजिबात आवडला नाही, आजही आवडत नाही. दिग्दर्शकाने हिशेब जुळवला आहे. इकडे वजा केलं तर तिकडे अधिक केलं. सिनेमा संपल्यावर मी सोफ्यावर बसून राहिले ती हेलनचा विचार करत नव्हते. मी ते निळं पत्र शोधत होते. अप्लाइड मेकॅनिक्सचं पुस्तक मी दुसऱ्या वर्षाला ज्युनिअरला विकलं होतं, पत्रासकट.

त्यानंतर कित्येक वर्षं मी त्या घटनेचा सिनेमा करून पाहत आले. चित्र उलटं फिरवायचं. मी पत्र वाचते, त्याच संध्याकाळी एसटीडी बूथवरून आपल्या शाळेत फोन करते, क्लार्क सांगतात, मी पोस्टकार्ड टाकते. ती बारावी होते, बीकॉम होते, बँकेच्या परीक्षेला बसते, आणि तिचं गणित पाहून परीक्षक थक्क होतात. या सिनेमात मी फार चांगली होते.

आता थोडा माझ्या धंद्यातला विषय, दोनच मिनिटं. आमच्याकडे ‘रेस कंडिशन’ नावाची चूक असते. प्रोग्रॅमची दोन कामं एकाच वेळी चाललेली असतात आणि कुठलं आधी संपतं यावर उत्तर बदलतं. शंभर वेळा चालवा, बरोबर येईल. एकशे एकाव्या वेळी एक काम निमिषभर उशिरा पोहोचतं आणि सगळं कोसळतं. शोधायला बसलं की ती चूक लपते. नवीन मुलं मला येऊन सांगतात, ‘मॅडम, नशीब खराब होतं.’ तेव्हा मी त्यांना थेरॅक-२५ ची गोष्ट सांगते. हे कर्करोगावर किरणोपचार करणारं यंत्र होतं. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात त्याने सहा रुग्णांना भलत्याच मोठ्या मात्रेत किरण दिले, त्यातले काही दगावले. त्यातल्या काही अपघातांचं कारण असं निघालं, की यंत्र चालवणारी व्यक्ती सरावलेली असेल आणि तिने पडद्यावरची चूक आठ सेकंदांच्या आत दुरुस्त केली तर यंत्राच्या आतल्या कामांचा क्रम चुकायचा. हळू टाइप करणाऱ्याच्या हातून काही व्हायचं नाही. आता हे नशीबच वाटेल. पण तीच चूक आधीच्या मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्येही होती. तिथे कुणाला इजा झाली नाही, कारण त्या यंत्रात वेगळी यांत्रिक कुलपं होती, क्रम चुकला की ती किरण सोडूच द्यायची नाहीत. नव्या मॉडेलमध्ये ती काढून टाकली होती.

हे मी मुलांना पंधरा वर्षं सांगते आहे. त्याचा माझ्या एसटीशी संबंध आहे हे मला गेल्या महिन्यापर्यंत सुचलं नव्हतं.

गेल्या महिन्यात या मेळाव्याच्या यादीसाठी मी गावी आले होते. तिच्याकडे गेले. तुम्हाला माहीतच आहे, तिची गिरण आहे आणि शेजारी मिरचीचं कांडप. उन्हाळ्यात तिथे उभं राहून दाखवा. ती नाकाला पदर लावून चार जणींची मिरची एकदम तोलत होती आणि भाव, तूट, मजुरी सगळं तोंडी. समोर कॅल्क्युलेटर होता, त्यावर हळदीची पुडी ठेवलेली. गिऱ्हाईक गेल्यावर मी एकदाचं सगळं बोलून टाकलं. पत्र, पुस्तक, रविवार, मुदत. सव्वीस वर्षांचं.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘अगं, मी तिघींना लिहिलं होतं. एकीने उत्तर पाठवलं. फॉर्मसुद्धा आणून दिला तिने घरी, मुदतीच्या आत.’

‘मग?’

‘मग काय, फी भरायची ठेवली होती ती दादांच्या औषधाला गेली. फॉर्म भरलेला तसाच राहिला. अजून असेल कुठंतरी ट्रंकेत.’

मी गप्प. खरं सांगते, पहिली भावना हलकं वाटल्याची होती, आणि दुसरी त्या हलकं वाटण्याची लाज. तिला माझ्या तोंडावर ते दिसलं असावं. ती म्हणाली, ‘पण तू उत्तर पाठवलं नाहीस त्याचं वाईट वाटलं होतं हं. ते वेगळं. फॉर्मचं काय, मला वाटलं ही आता मोठी झाली.’

यावर काय बोलायचं असतं ते मला माहीत नाही. मी ‘चुकलं’ म्हटलं. ती ‘हो’ म्हणाली आणि जात्याचा पट्टा बघायला आत गेली.

रात्री परतताना मी गाडीत विचार करत होते. माझी एसटी चुकली तेव्हा माझ्यामागे काय काय उभं होतं? अण्णांचा पगार. साताऱ्याहून पुढची गाडी. दुसऱ्या कॉलेजची फी भरायची तयारी. उशीर झाला तरी मी कुठे ना कुठे पोहोचणारच होते, फक्त नवरा बदलला असता. तिच्याकडे उत्तर वेळेवर पोहोचलं, फॉर्म घरात आला, म्हणजे सिनेमाच्या भाषेत तिला गाडी मिळाली, दरवाजाही उघडा होता, आणि तरी ती फलाटावरच राहिली. हेलनकडे दोन्ही आयुष्यांत भाड्याचे पैसे असतात. ही गोष्ट मला दोनदा सिनेमा पाहूनही दिसली नव्हती.

आणि फॉर्म आणून देणारी ती तिसरी कोण, तेही मी विचारलं. ती इथेच आहे. वर्गात तिचं नाव आपल्यापैकी कुणी कधी फारसं घेतलं नाही, ती सहामाहीला काठावर पास व्हायची. चार मैल सायकल मारून फॉर्म घेऊन गेली होती. तिला मी सकाळी विचारलं, तर म्हणाली, ‘मी? आठवत नाही बाई.’

संयोजक घड्याळ दाखवताहेत. अजून एकच सांगते आणि बसते. गिरणीवाल्या बाईसाहेबांनी मला विचारलं, की तो सिनेमा शेवटी आहे तरी कसा, प्रेमाचा का रडका? मी म्हटलं, दोन्ही. आज मी त्यांच्याकडेच मुक्कामाला आहे. लॅपटॉपवर सिनेमा घेऊन आले आहे, सीडी अडकायची भीती नाही. फॉर्म आणून देणारीलाही बोलावलं आहे. आमच्या ह्यांना येऊ द्यायचं की नाही ते अजून ठरायचं आहे. गिरण सातला बंद होते, त्यानंतर पिठलं-भाकरी, मग सिनेमा. इंग्रजी कळत नाही असं तिने आधीच सांगून ठेवलं आहे, तेव्हा मला शेजारी बसून सांगत राहावं लागणार. बोलायचं नाही असं सर सहा वर्षं ओरडत होते, ते आज रात्री तरी नसतील.